वलवण ते सुवर्णदुर्ग

हिंजवडीच्या वायव्येला, पवन मावळात लोहगड उभा आहे. १७१३ साली तो कान्होजी आंग्रे यांनी घेतला. त्याच सुमारास राजमाचीही त्यांच्या हाती गेली, आणि त्यांचा बंदोबस्त करायला निघालेले छत्रपती शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्याच कैदेत पडले. दर्याचा सरखेल घाट चढून मावळात उतरला होता आणि पुण्याची वाट त्याच्यासमोर होती.

हे परचक्र नव्हते, ही यादवी होती. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली शाहू मोगलांच्या छावणीतून सुटून आले. ताराबाईंनी त्यांचा हक्क मानला नाही. भीमेकाठी खेडला दोन्ही बाजूंच्या फौजा भिडल्या आणि शिवछत्रपतींच्या राज्याला दोन गाद्या झाल्या. कान्होजींना सरखेली, म्हणजे आरमाराचे सेनापतिपद, मिळाली होती ती राजाराम महाराजांकडून, त्यामुळे ते ताराबाईंच्या बाजूला राहिले. कोकण किनारा त्यांच्या गुराबांच्या धाकात होता. शाहूंना साताऱ्याला गादी मिळाली खरी, पण समुद्र मिळाला नव्हता.

अशा वेळी शाहूंनी नोव्हेंबर १७१३ मध्ये मांजरीच्या मुक्कामी बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवाईची वस्त्रे दिली. बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच काय असतो हे त्यांना घरातूनच ठाऊक होते आणि कान्होजींचे किनाऱ्यावरचे मोलही ठाऊक होते. त्यांनी लढाईऐवजी बोलणे पसंत केले. १७१४ च्या आरंभी लोणावळ्याजवळ वलवणला तह झाला. कान्होजींनी ताराबाईंचा पक्ष सोडून शाहूंना धनी मानले, बहिरोपंतांना सोडले, राजमाचीखेरीज वरघाटी जिंकलेली ठाणी परत केली. बदल्यात सरखेलीवर शिक्कामोर्तब झाले आणि दहा मोठे किल्ले व सोळा लहान गढ्या त्यांच्याकडे कायम राहिल्या. त्या दहांत हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग होता. पुढे दोघांनी मिळून सिद्दीवर जरब बसवली.

हिंजवडीहून तासाभराच्या अंतरावर झालेला हा तह मराठ्यांच्या इतिहासातल्या सर्वांत शहाण्या करारांपैकी एक आहे, असे मी मानतो. पेशवे आणि आंग्रे यांच्यात भांडण होते, दोन्हीकडे मानापमान होते, रक्तही सांडलेले होते. तरीही ते घरात मिटले. एकेचाळीस वर्षांनी त्याच दोन घराण्यांत तसेच भांडण पुन्हा उभे राहिले. या वेळी ते मिटवायला इंग्रजांची जहाजे बोलावली गेली, आणि रणांगण ठरले सुवर्णदुर्ग.

सुवर्णदुर्ग हे दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरासमोरचे खडकाळ बेट आहे. किनाऱ्यापासून ते फार दूर नाही, मधली खाडी होडीने थोड्या वेळात ओलांडता येते. बेटाचा खडकच तासून काही ठिकाणी तट केलेला आहे, आणि जिथे चिरे रचले आहेत तिथेही ते प्रचंड आहेत. महादरवाजा किनाऱ्याच्या बाजूला तोंड करून आहे. पायरीवर कासव कोरले आहे, जवळच्या तटावर मारुती. समोरच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन छोटे दुर्ग बेटाची पाठराखण करतात. या चौघांना एकत्र पाहिले की रचना कळते. बेटावर हल्ला करणारे जहाज मधल्या पट्ट्यात शिरले तर दोन्हीकडून तोफांच्या माऱ्यात सापडावे, आणि पश्चिमेकडून आले तर त्याचे गोळे नुसत्या कातळावर आपटावेत. कान्होजींच्या तरुणपणीच्या पराक्रमाची आख्यायिकाही इथलीच. किल्लेदार अचलोजी मोहिते सिद्दीला फितूर होणार असे दिसताच त्यांनी त्याला धरून किल्ला राखला, असे सांगतात. आंग्रे घराण्याला सुवर्णदुर्ग एवढा जिव्हाळ्याचा का होता, हे त्यावरून समजावे.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी गेले. त्यांच्यामागे सेखोजी सरखेल झाले, पण चारच वर्षांत तेही वारले, आणि संभाजी व मानाजी या भावांत वारशाचे युद्ध सुरू झाले. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांनी तोडगा काढला. कुलाबा मानाजींना वजारतमाब या किताबासह, आणि सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाचा दक्षिण भाग संभाजींना सरखेलीसह. त्या घडीला भांडण थांबले. पण एका आरमाराची दोन आरमारे झाली आणि दोघांचेही लक्ष शत्रूपेक्षा भावाकडे लागले. आंग्रे दुबळे राहिले तर पेशव्यांना बरे, हा हिशेब त्या वाटणीत नव्हताच असे मला म्हणवत नाही.

पुढे काय होणार याची चुणूक १७४० मध्येच दिसली. संभाजींनी कुलाब्याला वेढा घालून आतल्या लोकांचे गोडे पाणी तोडले. मानाजींनी एकीकडे पेशव्यांना आणि दुसरीकडे मुंबईच्या इंग्रजांना हाक मारली, आणि दोघेही आले. इंग्रजी जहाजांनी संभाजींच्या आरमाराला सुवर्णदुर्गाकडे पिटाळले, किनाऱ्यावरून तरुण नानासाहेब चालून गेले. नानासाहेब त्या भागात असतानाच वडील बाजीराव रावेरखेडीला वारल्याची बातमी आली. पेशवाईची सूत्रे हाती येण्याच्या ऐन उंबरठ्यावर या तरुणाने पाहिले होते ते एवढेच: आंग्रे भाऊ एकमेकांत लढतात आणि इंग्रजी जहाजे आली की प्रश्न सुटतो. असा धडा फार लवकर शिकला की पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

संभाजींनंतर दक्षिणेची सत्ता त्यांचे भाऊ तुळाजी यांच्याकडे आली. कर्तबगारीत ते बाप कान्होजींच्या जवळ जाणारे होते. १७४५ च्या आरंभी त्यांनी सिद्दीकडून अंजनवेल घेतले आणि किल्ल्याला गोपाळगड नाव दिले. १७४९ मध्ये इंग्रजांचे ‘रेस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज त्यांनी पकडले. १७५४ मध्ये तीन डच जहाजांशी त्यांची झुंज झाली, त्यांतली दोन जळाली आणि तिसरे हाती आले. आंग्र्यांचे दस्तक घेतल्याशिवाय कोकणच्या समुद्रात फिरायचे नाही, हा बापाचा नियम त्यांनी तलवारीच्या धारेवर चालू ठेवला. युरोपीय लेखकांनी त्यांना सरसकट चाचा ठरवले. आपल्या किनाऱ्यावर परवाना मागणाऱ्या दर्यासत्तेला चाचेगिरी म्हणायचे, तर पोर्तुगीजांनी हिंदी समुद्रात दोन शतके जे केले त्यालाही तेच नाव द्यावे लागेल.

पण तुळाजींची बाजू घेताना डोळे झाकूनही चालणार नाही. त्यांनी शेजाऱ्यांपैकी एकालाही आपला ठेवला नाही. बावडेकर अमात्यांचा मुलूख, विशाळगडकर प्रतिनिधींचा मुलूख, कुडाळचे सावंत, सगळ्यांशी त्यांचे वैर होते. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज गेले आणि सगळा कारभार नानासाहेबांच्या हाती एकवटू लागला. वृद्ध ताराबाईंनी साताऱ्यात नवे छत्रपती रामराजा यांना कैद करून पेशव्यांविरुद्ध शेवटचा डाव मांडला, तेव्हा तुळाजींचा कल ताराबाईंकडे होता. छत्रपतींचा सरखेल आहे, पेशव्याचा चाकर नाही, ही त्यांची भूमिका होती. कायद्याने पाहिले तर तीत तथ्य होते. पण खुष्कीवर पेशव्यांच्या फौजा आणि समुद्रावर मुंबईचे इंग्रज, अशा दोघांना एकाच वेळी शत्रू करून बसणे ही आत्मघाताची तयारी होती. वलवणला बाळाजीपंतांसमोर बसताना कान्होजींनी हे ओळखले होते, तुळाजींनी ओळखले नाही.

नानासाहेबांनी कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांना मुंबईशी बोलणी करायला लावले. मुंबईत तेव्हा रिचर्ड बोर्शियर गव्हर्नर होता. मार्च १७५५ मध्ये करार झाला. समुद्रावरच्या सगळ्या कारवाईची सूत्रे इंग्रजांकडे राहतील, आणि मोबदल्यात बाणकोटचा हिंमतगड व पाच गावे त्यांना कायमची, सार्वभौम हक्काने मिळतील, अशी त्यातली मुख्य कलमे. यातले पहिले कलम पुन्हा वाचावे. मराठ्यांच्या पेशव्याने मराठ्यांच्या समुद्रावरचा हुकूम परक्याच्या हाती दिला, तोही लेखी.

२२ मार्चला कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्याजवळ ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ हे मुख्य जहाज, त्याहून लहान ‘बॉम्बे’ आणि ‘स्वॅलो’, आणि उखळी तोफांचे गोळे फेकणाऱ्या दोन बोटी होत्या. चौलकडचे पेशव्यांचे आरमार वाटेत येऊन मिळाले, सात गुराबा आणि सुमारे साठ गलबते. दहा हजारांच्या घरातली फौज किनाऱ्याने खाली उतरली. मुंबईच्या वरिष्ठांनी जेम्सला बजावले होते की नुसती नाकेबंदी करायची, किल्ल्यावर हल्ल्याचे धाडस करायचे नाही. आंग्र्यांच्या किल्ल्यांचा धाक मुंबईत तेवढा होता.

शत्रूची शिडे दिसताच सुवर्णदुर्गाच्या बंदरात नांगरलेल्या आंग्र्यांच्या आरमाराने समुद्र गाठला. वारा पडलेला होता. इंग्रजांच्या लेखी आठवण अशी आहे की पळणाऱ्या खलाशांनी ओझे कमी करायला हाताला येईल ते पाण्यात फेकले, आणि वारा धरायला अंगावरचे कपडे व डोकीची पागोटीसुद्धा काठ्यांवर ताणली. जयगडच्या बाजूपर्यंत पाठलाग झाला. एरवी चपळ चालणारी पेशव्यांची गलबते त्या दिवशी मागे मागेच राहिली, असा इंग्रजांचा आरोप आहे. मला त्यात भित्रेपणा दिसत नाही. दोन्हीकडच्या गलबतांवर याच किनाऱ्याची माणसे होती, भंडारी, कोळी, खारवी, दालदी. समोरच्या गुराबेवर आपलाच सोयरा असेल तर वल्ही जोरात मारायला हात किती उचलतील? हा माझा तर्क आहे, पण किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही तो पटेल.

जेम्स परतला आणि २ एप्रिल १७५५ रोजी त्याने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. वरिष्ठांचा हुकूम त्याने मोडला. किल्ल्यावर पन्नास तोफा होत्या आणि किनाऱ्यावरच्या तीन किल्ल्यांत मिळून ऐंशीच्या वर. पेशव्यांची फौज दोन मैलांवर मोर्चे बांधून एकाच लहान तोफेने मारा करत राहिली, असे इंग्रजी वृत्तांत सांगतात. पहिला दिवस पश्चिमेकडून मारा करण्यात गेला आणि वायाच गेला, कारण तिथे तट म्हणजे कातळच. रात्री किल्ल्यातून एक जण फुटून जहाजावर आला. त्याने सांगितले की आत माणसे पुष्कळ मेली आहेत, घरे पडली आहेत, पण या बाजूने भगदाड पाडायची आशा सोडा.

फितुरी धरून ज्या किल्ल्याने एका सरखेलाला मोठे केले, त्याच किल्ल्याचे मर्म एका फितुराने सांगितले.

दुसऱ्या दिवशी जेम्सने ते केले जे किल्ला बांधणाऱ्यांना अशक्य वाटले असावे. त्याने जहाजे बेट आणि किनारा यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात घातली. खालच्या खडकांची आणि पाण्याच्या खोलीची खात्री करून ‘प्रोटेक्टर’ तटापासून शंभर यार्डांच्या आत आणून उभे केले. एका कुशीच्या तोफा सुवर्णदुर्गावर आणि दुसऱ्या कुशीच्या तोफा किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्यावर चालू लागल्या. डोलकाठ्यांवर चढलेले बंदूकवाले वरून तटावरच्या गोलंदाजांना टिपत होते. जहाज इतके जवळ आल्यावर उंच तटावरच्या तोफांची तोंडे पुरेशी खाली वळेनात. दूरच्या शत्रूसाठी मांडलेला बंदोबस्त जवळच्या शत्रूपुढे निकामी झाला.

दुपारच्या सुमारास एक गोळा आतल्या शाकारलेल्या घरांवर पडला. एप्रिलच्या उन्हात वाळलेले गवत. आग भडकली, ती विझवायला धावणाऱ्यांवर तोफांचा मारा चालूच होता, आणि थोड्या वेळात दारूकोठार उडाले. आत फक्त शिपाई नव्हते, त्यांच्या बायका होत्या, पोरे होती. त्या दिवशी सुवर्णदुर्गाच्या बंद तटाच्या आत धूर आणि आगीमध्ये सापडलेल्या त्या बायकांचे काय झाले असेल, हे कोणी लिहिले नाही. नोंद आहे ती एवढीच की माणसांनी भरलेल्या आठ होड्या किनाऱ्याकडे निघाल्या आणि इंग्रजांनी त्या वाटेतच पकडल्या.

मग गोवा किल्ल्याने पांढरे निशाण लावले. पेशव्यांचे लोक तो ताब्यात घ्यायला निघाले, तेवढ्यात तिथल्या किल्लेदाराने एक विलक्षण गोष्ट केली. इंग्रज अजून बेटावर उतरले नाहीत हे पाहून निवडक माणसांनिशी तो होडीत बसला आणि जळत्या सुवर्णदुर्गात शिरला. दाभोळहून कुमक येईपर्यंत तरी बेट लढवायचे, हा त्याचा बेत. किल्ल्यावरून पुन्हा तोफा सुरू झाल्या. या माणसाचे नाव इंग्रजी वृत्तांतात नाही. सगळे हरलेले दिसत असताना आगीच्या दिशेने होडी वल्हवत नेणारा हा किल्लेदार त्या दोन दिवसांतला सर्वांत मोठा माणूस आहे, आणि त्याला एवढा मान देणे आपले कर्तव्य आहे.

रात्र पडली तर दाभोळची कुमक पोहोचेल, हे जेम्सनेही ओळखले. जहाजांच्या तोफांच्या आडोशाने त्याने आपले निम्मे खलाशी बेटावर उतरवले. ते दाराशी धावले आणि कुऱ्हाडींनी दिंडी फोडून आत घुसले. सुवर्णदुर्ग पडला. किनाऱ्यावरच्या उरलेल्या दोन किल्ल्यांनीही शस्त्रे ठेवली आणि पेशव्यांची निशाणे तिथे चढली. ८ एप्रिलला बाणकोट इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांनी हिंमतगडाचे नाव बदलून ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ केले.

सुवर्णदुर्ग करारानुसार पेशव्यांच्या ताब्यात आला. कागदावर मोहीम फत्ते झाली होती. पण त्या दिवशी खरे हस्तांतर दुसऱ्याच गोष्टीचे झाले. ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने साफ लिहिले आहे की आंग्र्यांचे किल्ले अजिंक्य आहेत हा वीस वर्षांचा समज जेम्सने मोडून टाकला. इंग्रजांची भीती गेली. किनाऱ्याचे खडक, खाड्या, पाण्याची खोली, तटांची कमजोर बाजू, सगळे त्यांना ठाऊक झाले, आणि ते ज्ञान त्यांना आपणच मिळवून दिले.

पुढची गोष्ट भराभर घडली. रामाजीपंतांनी किनाऱ्यावरची ठाणी एकामागून एक घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. १२ तारखेला उखळी तोफेचा एक गोळा बंदरात बांधलेल्या ‘रेस्टोरेशन’वर पडला आणि त्याच्या शेजारी दाटीने उभे असलेले आंग्र्यांचे जवळजवळ सगळे आरमार जळाले. तुळाजी त्याआधीच पेशव्यांच्या छावणीत बोलण्यांसाठी गेले होते. ते तिथेच अडकले आणि उरलेले आयुष्य त्यांनी कैदेत काढले. क्लाइव्हने पेशव्यांच्या फौजेला किल्ल्यात पाऊल टाकू दिले नाही. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, तसे मुंबईहून निघण्यापूर्वीच ठरले होते. विजयदुर्ग परत मिळवायला नानासाहेबांना ऑक्टोबरपर्यंत तक्रारी कराव्या लागल्या, आणि शेवटी बाणकोटजवळच्या गावांची संख्या पाचाची दहा करून द्यावी लागली. हेच वॉटसन आणि क्लाइव्ह पुढच्या वर्षी बंगालमध्ये होते. जून १७५७ मध्ये प्लासी झाली.

पेशव्याने मराठ्यांचे आरमार बुडवले, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. ते अर्धे खरे आहे. पेशव्यांनी विजयदुर्गाला आपले आरमार ठेवले, आनंदराव धुळपांनी ते नावारूपाला आणले आणि १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडून दाखवले. म्हणजे जहाजे पुन्हा बांधली गेली, खलाशीही होतेच. गेली ती स्वतंत्र दर्यासत्ता, जिच्या परवान्याशिवाय परक्याला या किनाऱ्यावर फिरता येत नव्हते. आणि ती एकट्या नानासाहेबांनी घालवली नाही. १७३५ ची वाटणी, भावाविरुद्ध इंग्रजांना हाक मारणारे मानाजी, शेजाऱ्यांशी वैर जोडत गेलेले तुळाजी, हे सगळे त्या पापाचे वाटेकरी आहेत. तरीही नानासाहेबांचा वाटा मोठाच ठरतो, कारण निवड करण्याची ताकद सर्वांत जास्त त्यांच्याकडे होती. आजोबा बाळाजीपंतांनी वलवणला दाखवलेला रस्ता त्यांच्या घरातलाच होता. तुळाजींना नमवणे गरजेचे असेलही, पण ते मराठा फौजेने, मराठा आरमाराने, वेळ लावून, हप्त्याहप्त्याने करता आले असते. घाईची किंमत इंग्रजांनी वसूल केली.

जेम्स श्रीमंत होऊन मायदेशी गेला. १७८३ मध्ये तो वारल्यावर त्याच्या पत्नीने लंडनजवळ शूटर्स हिलवर एक तिकोनी मनोरा उभारला आणि त्याला या किल्ल्याचे नाव दिले. ‘सेवर्नड्रूग कॅसल’ तिथे आजही उभा आहे आणि लोक तो पाहायला जातात. इकडे हर्णैच्या मासळी बाजारात गर्दी करणाऱ्या पुणेकर, हिंजवडीकर मंडळींपैकी फार थोडी माणसे होडी करून समोरच्या बेटावर उतरतात. उतरायला हवे. समुद्र शांत असलेल्या महिन्यांत, स्थानिक होडीवाल्याला विचारून, महादरवाजापर्यंत जावे आणि मधला पट्टा किती अरुंद आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

सुवर्णदुर्गाच्या वाट्याला यादवीचा आणखी एक दिवस आला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला. नानासाहेबांचा हा सख्खा पुतण्या पुणे सोडून कोकणात उतरला आणि आश्रयासाठी सुवर्णदुर्गात आला. किल्ला लढवण्याच्या स्थितीत नव्हता. बाजीराव तिथून निघून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांची तैनाती फौज पदरात घेणाऱ्या तहावर त्याने सही केली.